स्पीकरच्या पायाखाली



स्पीकर विकत घेताना आपण दुकानात अर्धा दिवस घालवतो. हा वाजवून दाखवा, तो वाजवून दाखवा, वॉट किती, गॅरंटी किती. घरी आणल्यावर मात्र तो कुठे ठेवायचा हे घरातली रिकामी जागा ठरवते. शोकेसमध्ये फुलदाणीशेजारी, कपाटाच्या डोक्यावर, टीव्हीच्या टेबलावर, नाहीतर सरळ जमिनीवर. आज मला बोलायचं आहे ते या जागेबद्दल. स्पीकरच्या पायाखाली काय असावं? त्याला खालच्या वस्तूशी घट्ट जोडावं, की मधे मऊ काहीतरी घालून तिच्यापासून तोडावं? आणि यानं ऐकण्यात खरोखर काही फरक पडतो का?

मी विज्ञानाचा माणूस नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि पुढे कविता लिहीत राहिलो. पण कवीचं आवाजाशी देणंघेणं असतंच. ‘काळ’ म्हटलं आणि ऐकणाऱ्याला ‘काल’ ऐकू आलं, ‘पाठ’ म्हटलं आणि ‘पाट’ पोचलं, तर ओळीचा अर्थच बदलतो. हा एवढासा फरक ज्या यंत्रातून जातो ते यंत्र कसं चालतं, हे समजून घ्यावंसं वाटलं. त्यातून या विषयात शिरलो.

आपल्या घरातल्या स्पीकरची रचना तशी जुनीच. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ साली ती मांडली आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. एक लोहचुंबक, त्यात तारेचं वेटोळं, आणि वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा किंवा प्लास्टिकचा शंकू. वेटोळ्यातली वीज मागेपुढे होते, तसा शंकू मागेपुढे हलतो आणि हवेला ढकलतो. हवेला बसलेले हे धक्के कानापर्यंत आले की आपण त्याला आवाज म्हणतो.

पण होडीतून काठावर उडी मारणारा माणूस पुढे जातो तेव्हा होडी मागे सरकतेच. शंकू पुढे गेला की स्पीकरचा खोका मागे रेटला जातो. किती? समजा शंकूचं वजन १५ ग्रॅम आहे आणि खोक्याचं ६ किलो. म्हणजे खोका ४०० पट जड. शंकू २ मिलिमीटर हलला, तर मोकळा सोडलेला खोका मिलिमीटरचा दोनशेवा भाग हलेल. डोळ्यांना दिसणारही नाही इतकं हे कमी आहे. मग त्याची काळजी कशाला करायची?

याचं उत्तर आपण शाळेतच पाहिलेलं आहे. प्रयोगशाळेत सर नादकाटा वाजवायचे. हातात धरलेला असताना मागच्या बाकावर काही ऐकू यायचं नाही. मग सर त्याचा दांडा टेबलावर टेकवायचे आणि सगळा वर्ग तो सूर ऐकायचा. नादकाट्याची शक्ती काही वाढलेली नसते. त्याच्या बारीक कंपनानं टेबलाची सगळी फळी हलू लागते, आणि रुंद फळी नादकाट्यापेक्षा कितीतरी जास्त हवा हलवते. आज प्रयोगशाळेत जायचीही गरज नाही. व्हायब्रेटवर ठेवलेला मोबाइल जेवणाच्या टेबलावर घरघरला की बाजूच्या खोलीतला माणूस दचकतो. तोच मोबाइल घडी केलेल्या रुमालावर ठेवा. जेमतेम कुजबुज ऐकू येईल.

स्पीकरचं तेच होतं. शोकेसच्या फळीवर ठेवलेला स्पीकर त्या फळीलाही वाजवतो. म्हणजे आपण एक स्पीकर विकत आणतो आणि घरात दोन वाजतात. दुसरा कोणी तपासलेला नसतो, त्याची गॅरंटी नसते आणि त्याला एकच सूर येतो, स्वतःचा. फळीवर बोटाचं पेर ठोकून पाहा. जो ‘ढब्’ असा आवाज येतो, तो तिचा सूर. गाण्यात किंवा बोलण्यात त्या सुराच्या आसपासचं काही आलं की फळी जोरात साथ देते आणि नंतर लवकर थांबत नाही. पुरुषाच्या आवाजाचा पाया १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं. मोठ्या, पातळ फळीचा ठोकाही बऱ्याचदा याच भागात कुठेतरी पडतो. म्हणून बातम्या सांगणारा माणूस डेऱ्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो.

यात शब्दांचं नुकसान कसं होतं ते पाहा. आपल्या बोलण्यात स्वर जड असतात आणि व्यंजनं हलकी. ‘स’ आणि ‘श’, ‘त’ आणि ‘ट’ यांना वेगळं करणारा जो बारीक भाग आहे, तो वरच्या पट्टीत, साधारण २,००० हर्ट्झच्या पुढे असतो आणि त्यात शक्ती फार थोडी असते. कानाची रीत अशी, की खालचे जोरदार सूर वरच्या नाजूक सुरांना झाकून टाकतात. उलट सहसा होत नाही. त्यातून वय वाढलं की वरच्या पट्टीचं ऐकणं आधी कमी होतं. म्हणजे ज्यांना व्यंजनांची सगळ्यात जास्त गरज, त्यांचीच व्यंजनं फळीच्या घुमण्याखाली आधी गाडली जातात.

आमच्या अम्मीचं उदाहरण सांगतो. तिनं पंच्याहत्तरी ओलांडली आहे. दादीला टीव्ही नीट ऐकू यावा म्हणून पुतण्यानं हौसेनं स्पीकरची जोडी आणली आणि शोकेसमध्ये लावली. अम्मी म्हणाली, ‘‘आवाज तो आता बेटा, लफ्ज नै आते.’’ पुतण्या आवाज वाढवायचा. फळी आणखी घुमायची, अम्मीला शब्द तरीही लागायचे नाहीत, आणि आतल्या खोलीत दहावीचा अभ्यास करणारी नात दार आपटायची. शेवटी एकदा स्पीकर तिथेच ठेवून त्याखाली दुलईची जाड घडी सरकवली. आवाज होता तेवढाच ठेवला. अम्मीनं बातम्या ऐकल्या आणि दोन बातम्यांनंतर स्वतःच म्हणाली, थोडा कमी करा. म्हाताऱ्या माणसांना ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो आणि मग ती बहिरी झाली असं ठरवून मोकळे होतो. कानांची तपासणी करावी, जरूर करावी. पण फळीचीही करावी.

आता जोडावं की तोडावं या प्रश्नाकडे येऊ. वाद्यांच्या दुनियेत दोन्ही रीती आहेत. पाश्चात्य संगीतातल्या चेलोला खाली एक दांडा असतो. तो लाकडी रंगमंचावर टेकला की रंगमंचाचं लाकूडही थोडं वाजू लागतं, आणि वादकांना ते हवं असतं. उलट आपला तबला कधी उघड्या जमिनीवर ठेवत नाहीत. त्याखाली चुंबळ असते. ती तबल्याला डुगडुगू देत नाही आणि त्याच्या अंगाला फरशीशी भिडूही देत नाही. स्थिर तर राहायचं आणि खालच्याशी कंपनाची देवघेव करायची नाही, ही दोन्ही कामं ती एकदम करते. वाद्य स्वतःचा आवाज निर्माण करतं, तेव्हा रंगमंचानं साथ दिली तर बिघडत नाही. स्पीकर दुसऱ्याचा निरोप पोचवतो. निरोप्यानं मधे आपलं बोलू नये. म्हणून स्पीकरला चुंबळीची रीत बरी.

तरी पुष्कळ जाणकार स्पीकर जमिनीशी घट्ट जोडा असं सांगतात. स्टँडला खाली लोखंडी अणकुचीदार टोकं असतात, त्यांना स्पाइक म्हणतात. हा सल्ला मुळात कुठून आला ते पाहिलं पाहिजे. ब्रिटन-अमेरिकेत खोलीभर जाड गालिचा असतो. गालिच्यावर उंच स्टँड ठेवला तर तो डुलतो. टोकं गालिचा भेदून खालच्या टणक जमिनीपर्यंत जातात आणि स्टँड हलायचा थांबतो. तिथे स्पाइकचा उपयोग खरा आहे. पण आपल्याकडे शहाबादी, कोटा किंवा टाइल्स. गालिचाच नाही, तर टोकांनी भेदायचं काय? तिथे ती फरशीला खड्डे पाडतात, म्हणून मग त्यांच्याखाली नाण्यासारख्या चकत्या ठेवाव्या लागतात. स्पाइकमधून कंपन खाली जातं पण वर येत नाही, असंही कोणी सांगतं. असा एकेरी रस्ता पदार्थविज्ञानात नाही. टणक टोक टणक फरशीवर टेकलं की कंपनाला दोन्ही दिशा मोकळ्या.

मग घट्ट जोडण्याचा फायदा कधी होतो? ज्याच्याशी जोडायचं ती वस्तू खूप जड आणि ठोकल्यावर न घुमणारी असेल तेव्हा. सिमेंटचा स्लॅब इतका जड असतो की स्पीकरच्या धक्क्यानं तो हलतो न हलतो. पोकळ लोखंडी नळ्यांचा स्टँड मात्र घंटेसारखा वाजतो. म्हणून त्यात वाळू भरतात. वाळूचे कण एकमेकांवर घासतात, कंपनाची शक्ती त्यात मुरते आणि स्टँड जडही होतो. वाळू नदीची, चाळलेली आणि उन्हात कडकडीत वाळवलेली घ्या. समुद्राची घेतली तर मिठानं लोखंड गंजेल.

तोडण्याची रीत समजायला घरातलाच एक खेळ करा. रबरबँडला छोटं कुलूप बांधा आणि दुसरं टोक हातात धरून हात वरखाली करा. अगदी सावकाश केला तर कुलूप हाताबरोबर वरखाली होतं. थोडा वेग वाढवला की एका ठराविक लयीला ते हातापेक्षाही जास्त नाचू लागतं. आणखी वेग वाढवा, हात थरथरवा, तर कुलूप जागच्या जागी जवळजवळ स्थिर राहतं. हाताची हालचाल रबर पोटात घेतं. स्पीकरखालचं रबर किंवा स्प्रिंग हेच करते. ज्या लयीला कुलूप नाचलं ती त्या जोडीची स्वतःची लय. तिच्या जवळपासची कंपनं कमी होत नाहीत, उलट वाढतात. दीडपटीच्या पुढे उपयोग सुरू होतो, आणि तिप्पट वेगाच्या कंपनाचा साधारण आठवा हिस्साच पलीकडे पोचतो.

ही लय किती, हे ओळखायची खूण सोपी आहे. स्पीकर ठेवल्यावर खालचं रबर किती दबलं ते पाहायचं. १ मिलिमीटर दबलं तर लय सुमारे १६ हर्ट्झ, पाव मिलिमीटर दबलं तर सुमारे ३२. हे आकडे अंदाजाचे, कारण हलताना रबर थोडं अधिक ताठ वागतं. पण तात्पर्य पक्कं आहे. जे दबत नाही, ते तोडत नाही. वॉशिंग मशीनखाली घालायचे टणक रबरी पाय पन्नास-साठ किलोसाठी बनवलेले असतात. त्यावर चार किलोचा स्पीकर ठेवला तर त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. आणि अगदी मऊ स्पंज पार चेपून पापड झाला, तर तोही कामातून गेला.

स्प्रिंगची ही ताकद एडगर व्हिलचर या अमेरिकी संशोधकानं १९६१ साली रेकॉर्ड प्लेअरमध्ये दाखवून दिली. त्याआधी स्पीकरची कंपनं टेबलातून रेकॉर्डच्या सुईपर्यंत येऊन घुमण्याचा त्रास व्हायचा. व्हिलचरनं तबकडी आणि सुईचा दांडा एकाच चौकटीवर बसवले आणि ती चौकट स्प्रिंगांवर तरंगती ठेवली. तबकडी आणि सुई एकमेकांशी घट्ट जोडलेल्या, आणि दोघी मिळून टेबलापासून तुटलेल्या. प्लेअरच्या पेटीवर हातोडी मारली तरी सुई उडत नसे.

आपल्या स्पीकरला हीच युक्ती लावता येते: वर जोडा, खाली तोडा. त्यासाठी महागडं काही लागत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याला वापरतात त्या कडप्प्याचा एक तुकडा घ्या. ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३ जाड असा तुकडा जवळजवळ १० किलोचा भरतो. ओटा बसवणाऱ्याकडे असे तुकडे पडलेले असतात. स्पीकर त्यावर ठेवा आणि चार कोपऱ्यांत भिंतीला कागद चिकटवायच्या, न वाळणाऱ्या मऊ लगद्याच्या छोट्या गोळ्या दाबा. आता खोका आणि दगड मिळून एकच १६ किलोची वस्तू झाली. शंकूच्या ४०० पट असलेलं वजन हजारपटीवर गेलं, म्हणजे खोक्याचं हलणं निम्म्याहूनही कमी झालं. मग दगडाखाली थोडे दबतील असे मऊ रबराचे चार तुकडे ठेवा. मुलांच्या लहान सायकलची ट्यूब अगदी थोडी हवा भरून ठेवली तरी चालते. टेबलाला हे वजन पेलतं का, तेवढं आधी पाहा. काचेच्या फळीवर हा प्रयोग नको. आणि उंच, निमुळते स्पीकर कधीही मऊ पायांवर ठेवू नका. घरात रांगतं मूल असेल तर मुळीच नाही.

आता कुठे काय करायचं ते थोडक्यात सांगतो. फ्लॅटमधली फरशी असेल आणि स्पीकर जड स्टँडवर असेल, तर तो न डुगडुगता उभा राहिला म्हणजे झालं. खाली नमद्याच्या चकत्या पुरतात. जोडलं काय नि तोडलं काय, तिथे फरक थोडाच पडेल. जुन्या वाड्याची किंवा कोकणातल्या घराची लाकडी माडी असेल तर तोडा, कारण ती आख्खी जमीनच फळी आहे. शोकेस, टेबल, कपाट असेल तर तोडाच.

स्टँडबद्दल आणखी एक गोष्ट. स्टँडवर ठेवल्यानं आवाज सुधारला की श्रेय त्याच्या पायांना जातं. खरं काम बऱ्याचदा उंचीनं आणि अंतरानं केलेलं असतं. स्पीकर जमिनीजवळ, भिंतीजवळ, कोपऱ्यात असला की त्या प्रत्येक पृष्ठभागामुळे खालचे सूर ६ डेसिबलपर्यंत फुगू शकतात. कोपऱ्यातून दोन हात पुढे आणला की बरंच घुमणं तिथेच संपतं. शिवाय वरचे सूर काढणारा छोटा ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. बाजारातले ६० सेंटिमीटरचे स्टँड सोफ्यावर बसणाऱ्यांच्या हिशेबानं केलेले असतात. तुमच्या घरी बैठक गादीवर असेल, तर कान जमिनीपासून पाऊण मीटरवरच असतो. सुताराकडून तेवढा कमी उंचीचा स्टँड करून घ्या.

आणि शेजारी? खालच्या मजल्यावर जाणारं कंपन मऊ पायांनी काही अंशी अडतं. पण खालच्या सुरांचा मोठा भाग हवेतूनच भिंतीला आणि स्लॅबला हलवतो. त्यावर रबराचा इलाज नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. स्पीकरखाली काहीही ठेवलं तरी आवाजाचं बटण आपल्याच हातात राहतं. फायदा एवढाच, की शब्द स्वच्छ लागले तर ते बटण फार फिरवावं लागत नाही.

दुकानात या कामासाठी काही हजारांच्या चकत्या आणि पायही मिळतात. काही चांगले असतात. पण पैसे घालण्याआधी घरात एक परीक्षा घ्या. आज रात्री बातम्या लागल्या की स्पीकरशेजारच्या फळीवर तळहात टेकवा. बातमीदार बोलताना हाताला थरथर जाणवली, तर फळी बोलते आहे. मग स्पीकर त्याच जागी जाड दुलईच्या घडीवर ठेवा आणि आवाजाला हात न लावता घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ऐकायला बसवा. काय केलं ते त्यांना सांगू नका. नुसतं विचारा, शब्द लागतात का? हो म्हणाले, तर उद्या कडप्प्याचा तुकडा शोधायला बाहेर पडा. फरक नाही म्हणाले, तर तुमची फळी निर्दोष आहे. चकत्यांचे पैसे वाचले असं समजा.